लिहायची जागा, लिहायची वेळ : नव्याने लिहायला लागलेल्यांसाठी

नव्याने लिहायला लागलेलं कुणी भेटलं की तक्रार बहुतेक वेळा एकच असते : "सुचतं खूप, पण लिहून होत नाही." जरा खोलात विचारलं की कळतं, लिहायला बसायची जागा ठरलेली नाही आणि वेळही नाही. आज पलंगावर, उद्या सोफ्यावर, परवा ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत. दर वेळी वही शोधायची, चार्जर शोधायचा, मागे कुठे थांबलो होतो ते आठवायचं. हाताशी असतो अर्धा तास, त्यातली वीस मिनिटं यातच जातात.

मी गेली चौदा वर्षं नोकरी आणि घर सांभाळून कथा लिहिते आहे. डोंबिवलीला, वन बीएचकेत, पाच माणसांत. त्यामुळे पुढे जे सांगते आहे ते घरात वेगळी खोली नसलेल्यांना डोळ्यांसमोर ठेवून. या सगळ्याला मी एकच कसोटी लावते : हे केल्याने उद्या पुन्हा इथे येऊन बसणं सोपं होणार आहे का? होणार असेल तर ती गोष्ट ठेवायची. नाहीतर कितीही छान वाटली तरी सोडून द्यायची.

आधी आठ दिवस नुसती नोंद

लगेच टेबल विकत आणू नका. पहाटे चारचा गजरही लावू नका. एक पाठकोरा कागद घ्या, त्याच्या चार घड्या घाला आणि आठ दिवस त्यावर एवढंच लिहा : आज कधी लिहिलं, कुठे बसून, किती ओळी झाल्या, कशामुळे उठावं लागलं.

मला पक्की खात्री होती की माझी वेळ रात्रीची. दहानंतर सगळे झोपतात, टीव्ही बंद होतो, घर शांत. कागदावर वेगळंच निघालं. आठ रात्रींत मिळून अकरा ओळी झाल्या होत्या आणि त्यातल्या नऊ मी दुसऱ्या दिवशी खोडल्या होत्या. रात्री मी लिहीत नव्हतेच, जुनं वाचत बसत होते. उलट दोन दिवस सहज लवकर जाग आली होती आणि नळाला पाणी यायच्या आधी, पावणेसहा ते सव्वासहाच्या दरम्यान, दीड पान झालं होतं. ते अर्ध्या तासाचं पान मी विसरूनही गेले होते. कागद नसता तर आजही मी रात्रीच बसत असते.

तुमचं उत्तर माझ्यासारखं असेलच असं नाही. कुणाचं डोकं खरोखरच रात्री अकरानंतर उघडतं. आपल्याकडे पहाटेचं कौतुक फार होतं, पण तेवढ्यासाठी स्वतःला छळायचं कारण नाही. ज्यांना पाळीची नोकरी आहे त्यांनी तर घड्याळाच्या वेळेचा नादच सोडावा. त्याऐवजी रोज होणाऱ्या एखाद्या गोष्टीला लिहिणं बांधा : ड्यूटीवरून आल्यावर, अंघोळ करून, जेवायच्या आधी. पाळी बदलली तरी हा क्रम बदलत नाही.

जागा : दोन हात रुंद पुरते

आपल्याकडे लिहिण्याच्या जागेबद्दल दोन टोकांच्या कल्पना आहेत. एक म्हणजे डोंगर दिसणारी खिडकी आणि शिसवी टेबल. दुसरी त्याहून घातक : खरा लेखक कुठेही लिहितो. अण्णा भाऊ साठे घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत राहून लिहीत होते. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली, दिवसभराचं काम उरकून, पाच दिवसांत. टिळकांनी 'गीतारहस्य' मंडालेच्या तुरुंगात पेन्सिलीने लिहिलं. ही उदाहरणं खरी आहेत आणि त्यांच्यापुढे मान झुकतेच. पण त्यातून "हालात राहिलं की लेखन येतं" हा अर्थ काढू नये. हाल हे हालच असतात. या माणसांनी ते सोसून लिहिलं. तुम्हाला बरी खुर्ची परवडत असेल तर जरूर घ्या.

मला जास्त शिकवून गेलं ते दळायचं जातं. पहाटे उठून, घरातल्या त्याच कोपऱ्यात, त्याच दगडाशी पाय पसरून बसायचं. हाताला ठरलेलं काम, त्या कामाची घरघर, आणि तिच्या लयीवर ओवी. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रयत्नांतून महाराष्ट्राच्या गावांमधून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. बहुतेक बायांना लिहिता-वाचता येत नव्हतं. बहिणाबाई चौधरींनाही येत नव्हतं, त्यांची गाणी मुलाने आणि नात्यातल्यांनी उतरवून घेतली म्हणून १९५२ साली पुस्तकात आली. त्या बायांवर दळण सक्तीचं होतं, त्यात हौस नव्हती. पण रोज तीच जागा, तीच वेळ आणि हाताला सुरुवात करून देणारी एक ठरलेली हालचाल, या तीन गोष्टींवर एवढी रचना उभी राहिली, हे मी विसरू शकत नाही. आपली जागा निवडताना हेच बघायचं आहे.

आता प्रत्यक्षात काय करायचं ते सांगते.

घरात दिवसातून अर्धा तास तरी कुणाला लागत नाही असा कोपरा शोधा. माझा कोपरा स्वयंपाकघरात आहे, ओट्याच्या शेवटी, फ्रीज आणि भिंत यांच्यामध्ये. तिथे एक लाकडी स्टूल आणि भिंतीला बिजागरीवर लावलेली फळी आहे. लिहून झालं की फळी खाली पडते आणि तिथे पुन्हा कांदे-बटाट्याची टोपली येते. फळी नव्हती तेव्हा परीक्षेला वापरतात ते पॅड मांडीवर घेऊन बसत होते आणि पहिल्या चार कथा अशाच झाल्या. गॅलरी, माळ्याखालची जागा, देवघराशेजारचा पाट, काहीही चालेल. पलंग मात्र टाळा. झोपायच्या जागी मन झोपेचंच काम करतं.

तोंड शक्यतो भिंतीकडे ठेवा. बाहेरचं बघत बसलं की सुचतं असं वाटतं, पण बघणं आणि लिहिणं एकाच वेळी होत नाही. अमेरिकन लेखिका माया अँजेलू स्वतःचं घर असताना लिहिण्यासाठी हॉटेलची खोली घ्यायच्या आणि तिथल्या भिंतीवरची चित्रं काढून ठेवायला सांगायच्या. आपण निदान कॅलेंडर आणि लग्नपत्रिका तरी समोरून हलवू शकतो.

उजेड डावीकडून यावा, डावखुऱ्यांना उजवीकडून. नाहीतर हाताची सावली ओळीवर पडते आणि तासाभरात डोळे शिणतात. ट्यूबलाइट पाठीमागे असेल तर एक साधा क्लिपचा दिवा पुरतो. पाठीला आधार हवा, पाय जमिनीला टेकायला हवेत. हे क्षुल्लक वाटतं, पण पाठ दुखायला लागली की दुसऱ्या दिवशी बसायची टाळाटाळ सुरू होते, आणि ती आपल्याला आळस वाटते.

आवाजाचं जरा वेगळं आहे. संपूर्ण शांतता लागतेच असं नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५०, ७० आणि ८५ डेसिबल अशा तीन आवाजांत लोकांकडून कल्पक कामं करून घेतली. सत्तरला, म्हणजे साधारण वर्दळीच्या हॉटेलात असतो तेवढ्या गलक्यात, ती सर्वांत बरी झाली. पंच्याऐंशीला घसरली. माझा स्वतःचा अनुभव असा की कुकरच्या शिट्ट्या, पंखा, पाऊस, खालची रिक्षा यांचा त्रास होत नाही. शेजारच्या घरातल्या मराठी मालिकेचा होतो, कारण तिच्यातली वाक्यं कानात शिरतात आणि आपल्या पात्रांच्या तोंडी येऊन बसतात. अशा वेळी कानात शब्द नसलेलं काहीतरी लावावं, तंबोरा किंवा बासरी.

घरात काहीच जमत नसेल तर बाहेर पडा. महाराष्ट्रात यासाठी जागा आहेत आणि त्या फार जुन्या आहेत. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४०चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५०चं. तालुक्याच्या गावीसुद्धा सार्वजनिक वाचनालय बहुधा असतंच. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांमुळे आता गावोगाव अभ्यासिका झाल्या आहेत. महिन्याचं भाडं भरायचं, ठरलेली खुर्ची मिळते, वर दिवा, बाजूला चार्जिंगची सोय. आजूबाजूला शंभर मुलं मान खाली घालून बसलेली असली की आपल्यालाही उठवत नाही. पैसे भरण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या : लॅपटॉपवर टाइप केलेलं चालतं का (खटखट आवाजावरून वाद होतात), आणि साप्ताहिक सुट्टी कधी.

वेळ : लाज वाटेल इतकी थोडी ठरवा

नवा माणूस रोज दोन तासांचा संकल्प करतो आणि नवव्या दिवशी मोडतो. पंचवीस मिनिटं ठरवा. तीही जड वाटली तर पंधरा.

इंग्लंडमधला कादंबरीकार अँथनी ट्रोलॉप पोस्टखात्यात नोकरी करत होता. तो पहाटे साडेपाचला टेबलाशी असायचा, घड्याळ समोर ठेवून दर पाव तासाला २५० शब्द लिहायचा आणि मग कामावर जायचा. पहाटे कॉफी घेऊन उठवायला येण्यासाठी त्याने घरच्या म्हाताऱ्या नोकराला वर्षाला पाच पौंड जास्तीचे लावले होते. आपल्या यशाचं देणं सगळ्यांत जास्त त्या नोकराला लागतं, असं त्याने स्वतः लिहून ठेवलं आहे. मला यातला २५० शब्दांचा हिशेब नको वाटतो. सुरुवातीला शब्द मोजले की माणूस पाणी घालायला लागतो. पण उठवणारा माणूस ठेवण्याची युक्ती घ्यावी. माझी बहीण पुण्यात योगासनांना उठते, ती पावणेसहाला एक मिस्ड कॉल देते.

"एकवीस दिवसांत सवय लागते" हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ लोकांवर हे तपासलं तेव्हा सरासरी ६६ दिवस निघाली, आणि माणसामाणसांत १८ पासून २५४ दिवसांपर्यंत फरक होता. म्हणजे बाविसाव्या दिवशीही बसणं जड जात असेल तर तुमच्यात काही कमी नाही. त्याच अभ्यासात असंही दिसलं की मधला एखादा दिवस चुकला तर सवयीचं फारसं बिघडत नाही. मला हे फार उशिरा कळलं. एक दिवस चुकला की मी आठवडाच सोडून द्यायचे.

बसल्यावरची पहिली पाच मिनिटं

कोरं पान समोर घेऊन विचार करत बसू नका. काल जिथे थांबलात तिथल्या शेवटच्या दोन-तीन ओळी पुन्हा हाताने उतरवून काढा. सुधारू नका, जशाच्या तशा काढा. जात्याचा खुंटा पहिल्यांदा फिरवावा तसं हे आहे. हात चालू लागला की तिसऱ्या ओळीनंतर पुढची ओळ आपसूक येते. लॅपटॉपवर लिहीत असाल तर त्या ओळी पुन्हा टाइप करा, कॉपी-पेस्ट नको.

फोन दुसऱ्या खोलीत. उलटा करून शेजारी ठेवला, आवाज बंद केला, तरी पुरत नाही. २०१७च्या एका अभ्यासात फोन दुसऱ्या खोलीत ठेवलेल्यांनी तो टेबलावर ठेवलेल्यांपेक्षा एकाग्रतेची कामं चांगली केली, आणि फोन सगळ्यांचेच गप्प होते. ज्यांचं लेखनच फोनवर चालतं, आणि असे आता खूप जण आहेत, त्यांनी विमान-मोड लावावा. बोलून टाइप करणाऱ्यांनी त्या वेळी ऱ्हस्व-दीर्घ आणि चुकीचे उमटलेले शब्द दुरुस्त करायला थांबू नये. त्यासाठी वेगळा वार ठेवा. मी रविवार ठेवला आहे. आठवडाभर कच्चा खर्डा, रविवारी खाडाखोड. दोन्ही एकाच बैठकीला करायला गेलं की पहिला परिच्छेद गुळगुळीत होतो आणि दुसरा कधी येतच नाही.

उठताना : सगळ्यांत महत्त्वाचं

हे कुणी मला सुरुवातीला सांगितलं असतं तर माझी चार-पाच वर्षं वाचली असती, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आपण साधारणपणे दमेपर्यंत लिहितो. डोक्यातलं संपलं की उठतो. त्यामुळे दुसऱ्या दिवशी बसताना विहीर कोरडी असते. अमेरिकन कादंबरीकार हेमिंग्वे याच्या उलट करायचा. पुढे काय होणार हे माहीत असतानाच तो थांबायचा, म्हणजे दुसऱ्या दिवशी सुरुवात करायला काहीतरी शिल्लक असायचं. मी वाचलं तेव्हा पटलं नाही. सुचत असताना उठायचं म्हणजे ताटावरून उठल्यासारखं. पण करून बघितलं.

तेव्हा मी एका मावशीची गोष्ट लिहीत होते. नवरा गेल्यावर बारा वर्षांनी ती माळ्यावरची ट्रंक खाली काढते. कडी गंजलेली, ती खोबरेल तेल सोडते, खलबत्त्याच्या बत्त्याने ठोकते. इथवर झालं आणि घड्याळात सहा वाजून दहा मिनिटं झाली. ट्रंकेत काय आहे ते मला माहीत होतं. हात शिवशिवत होते. तरी मी वाक्य अर्धं सोडलं : "झाकण वर गेलं आणि मावशीने". पानाच्या तळाशी पेन्सिलीने लिहिलं : *उद्या – आत साड्या नाहीत. शाळेच्या वह्या. कुणाच्या? तिला वास आधी येतो, मग दिसतं.* आणि उठले.

त्या दिवशी लोकलमध्ये, ऑफिसात, संध्याकाळी भाकरी थापताना, त्या वह्या माझ्याबरोबर होत्या. कागद कुठला, पिवळा की तपकिरी, आत कसर लागली असेल का, पहिल्या पानावर कुणाचं नाव. मी मुद्दाम विचार करत नव्हते. अर्धवट राहिलेलं काम मनात टोचत राहतं आणि ते टोचणंच आपल्या कामाला येतं. दुसऱ्या दिवशी बसले तेव्हा वाक्य पुरं करायला एक मिनिटही लागलं नाही. वह्या नवऱ्याच्या नव्हत्या, मावशीच्याच होत्या. लग्नामुळे सुटलेल्या शाळेच्या. हे आदल्या दिवशी मला माहीत नव्हतं.

तेव्हापासून नियम असा : वेळ संपायच्या तीन मिनिटं आधी थांबायचं, पानाच्या तळाशी "उद्या" लिहून दोन ओळींत पुढचं नोंदवायचं, वही त्याच जागी ठेवायची, पेन तिच्यात. अगदीच काही सुचत नसेल तर निदान एक प्रश्न लिहायचा.

टेबलापासून दूरचे तास

२०१४ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात केलेल्या प्रयोगांत बसलेल्यांपेक्षा चालणाऱ्यांना नव्या कल्पना बऱ्याच जास्त सुचल्या, सरासरी ६० टक्क्यांनी. मात्र एकच अचूक उत्तर शोधायच्या कामात चालण्याचा तसा फायदा झाला नाही. म्हणून अडलं की चाला, आणि वाक्य घडवायचं असेल तेव्हा बसा. स्टेशनपर्यंत रिक्षाऐवजी पायी गेलं तरी चालेल. मेथी निवडणं, धुणं वाळत घालणं, शेंगा सोलणं ही कामंही तशीच आहेत, हात गुंतलेले आणि डोकं मोकळं. तेवढा वेळ कानात काही घालू नका. पर्समध्ये किंवा खिशात छोटी डायरी ठेवा. "आठवेल नंतर" असं म्हटलेलं मला आजवर आठवलेलं नाही.

घरच्यांशी आधी बोलून घ्या

बायकांना हे जास्त जड जातं, कारण आपण बसलेल्या दिसलो की आपण रिकाम्या आहोत असं घर समजतं. चिडून सांगण्यात अर्थ नाही आणि गप्प राहण्यातही नाही. वेळ नेमकी सांगा, संपायची वेळ तर नक्की सांगा, आणि तेवढ्यात लागू शकेल त्याची सोय आधी करून ठेवा. मी सासूबाईंना सांगितलं ते असं :

"आई, सव्वासहापर्यंत मला हाक मारू नका. पाणी आलं की मी उठतेच."

"बरं. आणि दूधवाला आला तर?"

"पातेलं दाराशी ठेवलंय, पैसे झाकणाखाली."

त्या काही बोलल्या नाहीत. मी मात्र रोज सव्वासहाला उठत राहिले, एकही दिवस साडेसहा होऊ दिले नाहीत. तीन आठवड्यांनी मुलगा मला शोधत आला तेव्हा बाहेरून त्यांचाच आवाज आला, "थांब, ती लिहितेय. पाच मिनिटांत उठेल." आपण आपली वेळ पाळली की घरही ती पाळायला लागतं. घरचे पुरुष लिहिणारे असतील तर त्यांनी एवढं जरूर बघावं की आपल्या शांत तासाचं काम कुणाच्या अंगावर पडतंय, आणि त्या माणसाला तसाच एक तास मिळतोय का.

वर्षाचं वेळापत्रक

मराठीत लिहिणाऱ्याचं वर्ष दिवाळी अंकांभोवती फिरतं. का. र. मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही रीत आहे. बरेच संपादक पावसाळ्याच्या सुरुवातीपासून साहित्य मागवू लागतात. जुलैत कथा सुरू करून वेळेवर द्यायची म्हटलं तर ती कच्चीच जाते. मे महिन्यात पाहुणे, मुलांच्या सुट्ट्या, लग्नं. तेव्हा मोठं काम होत नाही हे गृहीत धरा. मी खर्डा जानेवारी ते एप्रिलमध्ये करते, मे महिन्यात तो बंद पाकिटात ठेवते, जूनमध्ये काढून परक्यासारखा वाचते आणि पक्की प्रत करते. गणपतीचे दहा दिवस काहीच ठरवत नाही.

मोडलं तर

मोडणार आहेच. आजारपण, बदली, मुलांच्या परीक्षा. वडिलांच्या आजारपणात माझे चार महिने कोरे गेले. परत बसताना मी थेट गोष्ट पुढे न्यायला बघितलं आणि तीन दिवस नुसतीच बसून उठले. चौथ्या दिवशी ठरवलं, लिहायचं नाही. स्टुलावर बसायचं, जुन्या पानावरच्या शेवटच्या दोन ओळी उतरवून काढायच्या आणि उठायचं. दहा मिनिटं. दुसऱ्या दिवशी चार ओळी उतरवल्या. तिसऱ्या दिवशी उतरवताना एक शब्द बदलावासा वाटला, तो बदलला. पाचव्या दिवशी पानाच्या तळाशी "उद्या" लिहिता आलं, आणि त्या आठवड्याच्या शेवटी मी पुन्हा पंचवीस मिनिटांवर आले.